अठरा उन्हाळ्यांचा सूड

प्रिय फुमिए,

ओसाकाचा हा पत्ता अजून तुझाच आहे का, ठाऊक नाही. अठरा वर्षांत तू पत्र पाठवलं नाहीस आणि मीही कमी ताठ नाही. पण आता थकलो गं.

ओबोन आठ दिवसांवर आलाय. पितर घरी येणार, आणि देवळाच्या आवारात माझ्या भुताच्या गोष्टीसाठी चटया पडणार. मी कुणा गुरूकडे शिकलो नाही, पण आपल्या किनुएताईच्या गोष्टीत एक चूक कुणी दाखवावी! जिवंत माणसाच्या किमोनोची डावी बाजू वर असते, प्रेताच्या किमोनोची उजवी. हे मी नुसत्या हाताने दाखवतो. ताई सासरच्या विहिरीतून वर येते. आधी सासूला ओढते, मग नवऱ्याला, मग सवतीच्या पाळण्यातल्या पोरीला. नावं मी बदलली होती, पण सोया सॉसच्या कारखान्यात विहीर असलेलं घर पंचक्रोशीत एकच, ताईच्या सासरच्या मोरोईंचं.

पहिल्याच वर्षी तू म्हणालीस, "दादा, ताईनं बाळाला हात लावला नसता." मी म्हणालो, "सुडाचं भूत माणसं निवडत नाही. तुला कलेतलं काय कळतं?" तू उठून गेलीस ती गेलीसच.

आम्हा भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांत रीत आहे, जिची गोष्ट सांगायची तिच्या थडग्यापाशी आधी परवानगी मागायची. ताईच्या अस्थी मोरोईंच्याच थडग्यात, म्हणून दरवर्षी दात-ओठ खात तिथे जातो. काल गेलो तर एक बाई ब्रशने दगड घासत होती. मला पाहून हसली. "या मामा. नात्यानं मामाच लागता ना? मी मिसाओ. पाळण्यातली."

माझ्या हातातली उदबत्ती तशीच राहिली.

"दहा वर्षांची होते तुम्ही मला पहिल्यांदा बुडवलंत तेव्हा," ती म्हणाली. "बाबा आणि आजी त्याच्या आधीच गेले होते, त्यांना काय फरक पडतो! शाळेतल्या मुली मला हात लावून बघायच्या, गार आहे का म्हणून. परवा बालवाडीत माझ्या लेकीलाही तसंच केलं. लहानपणापासून मी इथे येऊन तुमच्या ताईची माफी मागते. कशाची, ते कळत नाही. मेलेल्या बाईला तुम्ही दरवर्षी विचारता; मला एकदा विचारायचं होतंत, मामा."

घरी येऊन बाळाला वगळून गोष्ट बसवून पाहिली. बसेना. सगळं घर बुडाल्याशिवाय मला चैन का पडत नव्हतं, ते तेव्हा कळलं. गोष्टीत मोरोईंचा नोकरसुद्धा आहे. ताईचा भाऊ नाही.

फुमिए, ताई विहिरीत गेली त्याच्या आदल्या दिवशी आपल्या दारात आली होती. तू आणि आई बाजारात होतात. हातात गाठोडं, गालावर वळ. मी तिला चहा दिला आणि म्हणालो, "तू अशी परत आलीस तर फुमिएला कोण करून घेईल?" ती नुसती मान हलवून उठली. मीच तिला सासरी जाणाऱ्या दुपारच्या बसमध्ये बसवलं. गाठोडंही मीच चढवलं.

यंदा मी विहीर सांगणार नाही, ते दार सांगणार आहे. आज सकाळी मिसाओला जाऊन विचारलं, ती म्हणाली, "सांगा." पण त्यात तुझं नाव येतं, आणि ते नाव मी कसं वापरलं तेही. लोकांच्या तोंडून तुला कळू नये म्हणून लिहितोय. तू नको म्हणालीस तर चटया गुंडाळून ठेवीन.

तुझाच,
तोकुजीदादा