हिरव्या पेटीसमोरची जागा

मी, झुंबरबाई भ्रतार ज्ञानू सुतार, वय पंचावन्नच्या पुढे, धंदा जत्रेत पाळणा चालवणे, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या अकलेने आणि कुणाच्याही भिडेला न पडता लिहून ठेवते. डॉक्टरांनी दुखणं छातीचं सांगितलं आहे, डोक्याचं नाही. शेजारचे निवृत्त शिक्षक दत्तोपंत यांनी मसुदा वाचला आणि पाळण्याचा मजकूर गाळावा असं सुचवलं. कोर्टात हसतील, म्हणाले. हसू देत. नुसत्या घरासाठी आणि भांड्यांसाठी मी एवढा कागद खर्च केला नसता.

नवऱ्याचं नाव वर एकदा घातलं आहे, कायद्याला लागतं म्हणून. इथून पुढे मालक म्हणेन.

कलम पहिले. मालक वारल्यापासून माझे दीर आकाराम मला ऐकवत आले की बाईमाणसाला घरात राहण्याचा हक्क असतो, घर कुणाला देण्याचा नसतो. गेल्या वर्षी कायदा बदलला, बाईच्या वाट्याला आलेलं घर तिच्या पुऱ्या मालकीचं झालं. दत्तोपंतांनी वर्तमानपत्रातून तो मला दोनदा वाचून दाखवला, दुसऱ्यांदा मी दिरांनाही बोलावून बसवलं होतं. तरी या दोन खोल्या, मागचं परसू आणि पाळणा ठेवायचं छप्पर मी माझा पुतण्या कृष्णात आकाराम सुतार याला देते. आकाराम भावजींना तिथे हयातभर राहता येईल. म्हणजे जो हक्क त्यांनी मला ठेवला होता, तेवढाच मी त्यांना ठेवते.

कलम दुसरे. मालकांचा रंधा, वाकस, करवती आणि पटाश्या कृष्णातला. त्याचा हात चांगला आहे, बापासारखी घाई नाही. तांब्याचा मोठा हंडा माझ्या जाऊबाईंनी एका लग्नाला म्हणून नेला होता. लग्नातल्या नवरीची पोरं आता शाळेत जातात. हंडा त्यांच्याकडेच राहू द्यावा, पण पाणी तापवताना तो माझा आहे हे त्यांच्या ध्यानात असावं.

कलम तिसरे. आमची मुलगी शालू हिचे हुपरीचे पैंजण कृष्णातच्या मुलीला द्यावेत. तिने ते रोज घालावेत. ट्रंकेत ठेवायचे असतील तर देऊ नयेत. मी ते ठेवून पाहिले आहेत, त्यातून काही मिळत नाही. पोस्टातली शिल्लक पाळण्याच्या तेलासाठी आणि डागडुजीसाठी वापरावी.

कलम चौथे, पाळण्याचे. हे कलम लांब आहे. ज्यांना पहिल्या तीन कलमांतच रस होता त्यांनी आता उठून जावं.

आमचा पाळणा चार पेट्यांचा, सागवानी, हाताने फिरवायचा. माझ्या सासऱ्यांनी मिरजेच्या उरुसात तसला पाळणा पाहिला, त्यात बसले, उतरले आणि घरी येऊन नुसत्या आठवणीवर बांधला. जोतिबा, मुरगूड, टेंबलाई, कुठली जत्रा आम्ही चुकवली नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी मला आधी त्यात बसवलं, मग घरात घेतलं. पेटी वर गेली तशी मी सासऱ्यांसमोर मोठ्याने हसले. नव्या सुनेने असं हसू नये, पण त्या पाळण्यात बसून कुणाला रीत आठवते? म्हाताऱ्या बायका डोळे गच्च मिटून चांगभलं म्हणायच्या आणि खाली आल्यावर पुन्हा बसायच्या. तालमीतले हंबीरराव, ज्यांनी या कागदावर साक्ष घातली आहे, मैदानात कुणाला हार गेले नाहीत, पण आमच्या पेटीत बसून ओकले आणि त्या लाजेने पाळणा ओढायला आमच्याकडे राहिले ते आजतागायत.

गेल्या दिवाळीत शहरात विजेचा लोखंडी पाळणा आला होता. मी बघून आले. दिवे छान होते. पण इंजिनाला भाराची फिकीर नसते, कुणालाही कुठेही बसवतात. हाताच्या पाळण्याचं तसं नाही. समोरासमोरच्या पेट्या सारख्या भाराच्या लागतात, नाहीतर जड पेटी खाली येऊन अडते आणि ओढणाऱ्याचे खांदे जातात. आमच्या घरात माणूस दिसलं की आधी त्याचं वजन डोळ्याने जोखायची सवय. मालक तर मला बघायला आले तेव्हाही तेच करत असणार. मी तेव्हाही अंगाने भारी होते आणि ते काठीसारखे.

आमची रीत अशी की जत्रेत पाळणा उभा केला की नारळ फोडायचा आणि पहिली फेरी रिकामी सोडायची. ती देवीची. रिकामा पाळणा कधी इथे, कधी तिथे, कुठेही थांबतो, त्याला कुणाचा भार नसतो.

शालू आमची एकुलती एक. तिची पेटी हिरवी. तिला फिरण्यापेक्षा वर थांबण्याची हौस. खालच्या पेटीत माणसं भरेपर्यंत वरची पेटी वरच थांबते, तेवढं तिला पुरत नसे. संस्थान मुंबई राज्यात गेलं त्या वर्षी ललितापंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर आमचा पाळणा होता. तिन्हीसांजेला ती वरून ओरडली, "आण्णा, मला वरच ठीव की. गावात दिवं लागस्तवर." खाली रांग लागली होती. मालक म्हणाले, "पुढच्या पंचमीला ठीवतो. आता मानसं खोळंबल्यात."

माघात ती मुदतीच्या तापाने गेली.

चैत्रात आम्ही मुरगूडच्या जत्रेला पाळणा उभा केला. कामात मन रमेल, असं सगळे म्हणत होते. नारळ फोडला, पहिली फेरी रिकामी सोडली. पाळणा हळू झाला, थोडा उलटा आला, आणि हिरवी पेटी माझ्यासमोर खाली येऊन थांबली. मालकांनी तो पुन्हा फिरवला. पुन्हा हिरवी खाली. कितीही वेळा सोडला तरी तेच. मालक पेटीकडे बघत राहिले, मग मला म्हणाले, "बसली हाय. काठी लाव."

मी आडवी काठी लावली. पोर पडू नये म्हणून लावतात तशी, खिट्टी घालून.

आकाराम भावजी म्हणाले, हिरव्या पेटीचं लाकूड भारी असणार. चारही पेट्या त्यांनी स्वतः उतरवल्या आणि वखारीत काट्यावर टाकल्या. हिरवी सगळ्यांत हलकी भरली, तिच्या पाटाला कीड लागलेली होती. भावजींनी त्या पेट्या न बोलता परत टांगल्या. त्यांच्या आयुष्यातली न बोलण्याची ती एक वेळ, म्हणून इथे नोंदवते.

तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला. तांबडीत चार पोरं बसली की तिच्यासमोरच्या हिरवीत तीनच बसवायची. पाळणा लोण्यासारखा फिरायचा. प्रत्येक फेरीला एक जागा फुकट जाते म्हणून भावजी कुरकुरत, पण ओढायला उभे राहिले की तेही मुकाट्याने तीनच मोजत.

पंचमीला मालकांनी शब्द पाळला. हिरवी पेटी वर नेली, खाली मेख मारली आणि गावात दिवे लागेपर्यंत कुणालाही बसू दिलं नाही. लोकांनी शिव्या दिल्या. दिवे लागले, मालकांनी मेख काढली, आणि पेटी हळूहळू खाली आली. दर पंचमीला त्यांनी हे केलं आणि दर पंचमीला ती खाली आली. मेख मारून वर ठेवणं म्हणजे कुणाला धरून ठेवणं. ते पोरीला हवं नव्हतं, हे मला कळत होतं. मालकांना सांगायचा धीर झाला नाही, कारण त्या दिवसासाठीच ते वर्षभर जगत.

मग मालकही गेले. मला वाटलं, आता ते समोर तांबडीत जाऊन बसतील. जन्मभर समोरासमोरच्या पेट्यांचा भार जुळवणारा माणूस. पुढच्या जत्रेत पहिली फेरी सोडली तर हिरवी पेटी पहिल्यापेक्षा जोरात खाली आली. बापाने पोर पाहिली आणि तिच्या शेजारीच जाऊन बसला. एवढा मोठा पाळणेवाला, पण समोर बसायचं त्याला सुचलं नाही. मी जत्रेत सगळ्यांसमोर त्यांच्यावर ओरडले आणि मग पदरात तोंड घालून रडले. तेव्हापासून हिरवीत एकच पोर बसतं.

एकट्या पेटीला वर थांबता येत नाही. समोर कुणीतरी बसावं लागतं, आणि तिच्याहून जड. त्या दोघांना मी एकटी पुरून उरेन. डॉक्टर मला भात कमी करा म्हणतात. मी केलेला नाही, आणि का नाही ते आता त्यांना कळेल.

तरी माझी इच्छा अशी. माझ्यानंतरच्या पहिल्या ललितापंचमीला कृष्णातने पाळणा टेंबलाईवर उभा करावा. तिन्हीसांजेच्या आधी नारळ फोडून रिकामी फेरी सोडावी. मेख मारू नये, हात लावू नये, त्याचा तो थांबू द्यावा. तांबडी खाली येऊन थांबली आणि हिरवी वर राहिली, तर तांबडीची काठी लावावी आणि गावात दिवे लागेपर्यंत कुणी काही बोलू नये. त्यानंतर पाळणा पूर्णपणे कृष्णातच्या मालकीचा. चालवावा, विकावा, मोडून सरपण करावं. आकाराम भावजींना कधीपासून तेच हवं आहे, माझी मग हरकत नाही.

हिरवीच खाली आली, तर पाळणा विकता येणार नाही. कारण मग मीही चुकले, असं समजावं. खरं लिहायचं तर मला त्याचीच भीती वाटते. मरणाची वाटत नाही. इतक्या वर्षांनी पोर समोर दिसली तर मी तिला सोडून पलीकडे कशी जाईन? मालकांना नावं ठेवली, पण माझेही पाय तिकडेच वळतील.

म्हणून हे शेवटचं. तसं झालं तर कृष्णातने पाळण्याखाली उभं राहून मला हाक मारावी. त्याचा आवाज बारीक आहे, तेव्हा हंबीररावांनीही मारावी. लोक बघतील, लाजू नये. "काकी, समोर बसा" एवढंच म्हणावं आणि पाळणा पुन्हा सोडावा. मी ऐकेपर्यंत म्हणत राहावं. मी हट्टी आहे, पण कामाचं बोलणं मी कधी टाळलेलं नाही.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, मीच वाचला, आणि साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. दत्तोपंतांनी चष्मा पुसला आणि गाळायला सांगितलेलं राहू द्या म्हणाले.

सही
झुंबरबाई भ्रतार ज्ञानू सुतार

साक्षीदार, आम्हांसमक्ष सही केली:
१. दत्तोपंत, निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ. सही.
२. हंबीरराव, पाळणा ओढणार, मंगळवार पेठ. सही येते तरी अंगठाही दिला आहे. हाक मारण्याचं कबूल.

मुक्काम कोल्हापूर, शनिवार, ता. ९ नोव्हेंबर १९५७