तांबड्या गाईंची निरवानिरव

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा गोपालन. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे; डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. हे कुणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. माझ्यावर दडपण आणणारा अजून जन्मायचा आहे. आधीची दोन मृत्युपत्रे रागाच्या भरात लिहिली होती, ती रद्द समजावीत.

१. राहते घर पत्नीला. माझे तोंड तिने एकटीने सोसले.

२. मुलाला मोटारसायकल. गाई नाहीत. "बाबा, या दीड लिटरवाल्या काढून टाका, संकरित घ्या," हे तो जेवायला बसला की सुरू करतो. त्याला गाई देणे म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

३. आमच्या तांबड्या, आखूड शिंगांच्या जातीच्या नऊ गाई माझ्याकडे आहेत. बाकीच्यांनी दुधाच्या लोभाने संकर करून जात बुडवली. माझ्या नऊही गाई एकाच वळूच्या मुली. दुसरा वळू मागायला जायची लाज, म्हणून मी त्यालाच त्याच्या लेकींवर सोडला. तीन वासरे आंधळी जन्मली, चौथे उभेच राहिले नाही. वडिलांची वंशावळीची वही माझ्याच कपाटात होती. चूक माझी.

४. याच जातीचा, पण वेगळ्या रक्ताचा वळू फक्त ओढ्यापलीकडे, धाकट्या भावाकडे आहे. वाटणीत मोठा गोठा मला आला म्हणून एकोणीस वर्षे आमचा अबोला आहे. पत्नी एकदा वळू मागायला गेली. "वहिनी, त्याला स्वतः येऊन मागू दे," म्हणाला. मी गेलो नाही. पुढच्याच आठवड्यात त्याने दोन उमदे खोंड खच्ची केले आणि मुद्दाम माझ्या दारावरून नेले. ते मी विसरलेलो नाही.

५. तरीही माझ्यामागे नऊ गाई, वही आणि तो मोठा गोठा भावालाच मिळावा. जनावर त्याच्याइतके कुणाला कळत नाही. होणारा पहिला खोंड त्याने खच्ची करू नये, एवढीच अट. मी त्याला माफ केले, असा अर्थ कुणी काढू नये.

६. हे कलम माझ्या मरणासाठी थांबवू नये. नवांपैकी एक गाय आज सकाळी माजावर आली आहे, उद्यापर्यंत माज उतरेल. माझे मरण इतके वक्तशीर असेल असे वाटत नाही. धाकट्या, मी येऊन मागावे असा तुझा हट्ट होता. पायांनी येववत नाही, म्हणून सहीनिशी मागतो. वळू घेऊन ये.

स्थळ : गोठ्यालगतची खोली
दिनांक : ९ मार्च, सकाळी दहा

सही : गाईंचा मालक

साक्षीदार :
१. गुरांचे डॉक्टर
२. पोस्टमन (नक्कल घेऊन हेच आत्ता ओढ्यापलीकडे निघाले आहेत)