रायफलीची मोड

९ नोव्हेंबर २००३, रविवार

पन्नास हजार! मामाजींनी जेवता जेवता आकडा टाकला आणि वर ताक मागितलं. माझ्या नवऱ्याला, धनंजयला, ठसका लागला. सासऱ्यांपुढे सुनेनं कसं हसायचं? भाकरी आणायचं निमित्त करून उठले आणि चुलीपाशी जाऊन पोटभर हसले.

त्यांच्या रायफलीच्या परवान्याची मुदत एकतीस डिसेंबरला संपते. नजर अधू झाली, आता वाढवून मिळणार नाही. त्याआधी विकायची, नाहीतर ठाण्यात जमा. विकली तर आंजीच्या वावराला जाळीचं कुंपण करता येईल. म्हणजे या थंडीत तरी मामाजी रात्री जनावरं हाकलायला, जागलीला, मचाणावर बसणार नाहीत. त्यांचा खोकला ऐकवत नाही मला. कुंपणाला लागतात बावीस हजार.

भाव काढायचं काम माझ्याकडे आलं. का, तर मी भांडेवाल्याची पोर!

१० नोव्हेंबर

बाबांच्या दुकानात एकच गोष्ट शिकले — मोडीत घडणावळ मिळत नाही. पाण्याच्या गुंडावर कितीही नक्षी असो, तराजूत फक्त तांबं. रायफलीचं काय वेगळं असणार?

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळीच सिंदी मेघेच्या आमच्या घरून आंजीला, मामाजींकडे गेले. रायफल मांडीवर घेऊन नीट पाहिली. मामाजी डावखुरे. सत्तर साली घेतली तशीच गावच्या सुताराकडून शिसवी दस्ता करवून घेतला, डाव्या गालाला टेकेल असा. म्हणजे उजव्या हाताच्या माणसाला बिनकामाचा! त्यावर रोही, म्हणजे नीलगाय, कोरलाय. रोही कसला, सरळ सरळ गाढव. वर चांदीच्या पट्टीवर मामाजींचं नाव — अण्णाजी.

"मामाजी, दुसऱ्याचं नाव घातलेलं ताट कोणी पुऱ्या भावानं घेते का?"

"हे ताट होय काय, पोरी? अकरा डुकरं पाडली हिनं! शिकारबंदीच्या आधी बोरच्या जंगलात एक बिबट!"

मागच्या वर्षी डुकरं नऊ होती. पण सांगताना त्यांचा खोकलाही थांबतो, म्हणून मी दर वेळी ऐकते.  मामाजी शिकारीच्या गोष्टींवर आले की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तूर निवडायला घेतात.

निघताना पाहिलं तर वावरात दोन रोही हरभरा खात होते. भर दुपारी! हाकललं तर मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खायला लागले. एवढ्या मोठ्या शिकाऱ्याचं वावर, आणि यांना भीती म्हणून नाही.

माझा अंदाज — आठ हजार. सांगायचं कोणी?

२४ नोव्हेंबर

नागपूरला जाऊन आलो, मामाजी, धनंजय आणि मी. बंदुकांचं परवानेवालं दुकान. मामाजी लग्नातला कोट घालून. दुकानात एक गिऱ्हाईक होतं, त्याला त्यांनी लगेच बिबट सांगायला घेतला.

मिस्त्री लक्ष्मणराव म्हातारे, अबोल. रायफल उघडली, नळी उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला. बराच वेळ पाहिलं. मग मला बाजूला बोलावलं.

"बाई, बुढ्यानं कायी मारलं नाई हिनं. नळी कोरी हाय."

"म्हणजे?"

"कारखान्यात तपासाले उडवली असंल तेवढीच. पण तेल-पाणी मातर देवावानी केलं."

खरं आहे. दर दसऱ्याला तेल, हळदकुंकू, फूल. बार काही मी कधी ऐकला नाही.

दस्त्याचे पैसे शून्य. (माझं बरोबर होतं!) पण दस्ता बदलता येतो, कोरी नळी मिळत नाही. हिंगणघाटचे प्रभाकरराव म्हणून रायफलीचा परवाना असलेले एक गिऱ्हाईक अशीच शोधताहेत, ते चोवीस हजार देतील. फक्त मालकानं सही करून लिहून द्यायचं — हिच्यातून गोळी झाडलेली नाही. नाही लिहिलं तर आठ.

मागे बिबट अजून मरत होता.

२५ नोव्हेंबर

चोवीस हजार घ्यायचे तर अकरा डुकरं जिवंत करावी लागतात. झोप नाही.

२७ नोव्हेंबर

खोटं बोलले! "मामाजी, चोवीस हजार! नक्षीचेच सोळा धरले त्यांनी!" बाबांनी ऐकलं असतं तर मला दुकानाची पायरी चढू दिली नसती.

मामाजी आधी पन्नासवरून खाली यायला तयार नव्हते. पण नक्षीचं नाव काढलं आणि विरघळले. सुतार वारला, तर त्याच्या मुलाकडे पेढे पाठवले. "तुया बापाच्या रोह्याले नागपुरात भाव आला म्हणा!" आख्खी आंजी ऐकून आहे.

आता राहिली सही. चष्मा लपवायचा, कागद पुढे करायचा, बोट ठेवायचं — इथं करा, मामाजी. धनंजय म्हणतो, "तू तर पक्की चोट्टी निघालीस." हसतो आहे, पण मला मनातून लाज वाटते. भोळ्या माणसाला फसवायचं, तेही त्याच्याच घरात. दुसरा रस्ता सुचत नाही.

७ डिसेंबर, रविवार

प्रभाकरराव आले. चष्मा मी पिठाच्या डब्यामागे ठेवला होता. मामाजींनी कोटाच्या खिशातून जुना काढला! ओळ न् ओळ वाचली. माझ्याकडे पाहिलं. सही केली. "कुंपण होऊन जाऊ दे," एवढंच म्हणाले.

आत्याबाई उठल्या. तुरीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला आणि एक गंजलेला डबा आणून कागदावर ठेवला. वीस गोळ्या. वीसच्या वीस. "सत्तर सालीच म्या लपवल्या. तेहतीस वर्सात यायनं एकदा इचारलं नाई."

मामाजी डब्याकडे पाहत म्हणाले, "इचारलं असतं तं तू देल्या असत्या."