शिमग्याला आलेली सरकारी जीप

प्रिय गोरख,

विटांची भट्टी पेटलेली असताना मालक तुला आणि वहिनीला सोडणार नाही हे माहीत होतं, तरी शिमग्याला संध्याकाळपर्यंत मी कासू स्टेशनच्या वाटेकडे बघत होते. आय मात्र आदल्या दिवशीच वाळूकाकांच्या विटांच्या टेम्पोतून उतरली आणि उतरल्या उतरल्या माझं अंगण नीट सारवलेलं नाही म्हणून बोलायला लागली. म्हणजे तब्येत ठणठणीत आहे.

तिच्या म्हातारपणाच्या पेन्शनचं तुला ठाऊक आहे. आपण अर्ज करायचा आणि चौकशीला माणूस यायचा तो थंडीत, सगळी वाडी भट्ट्यांवर गेलेली आणि आयच्या घराला कुलूप असताना. ‘पत्त्यावर आढळून आली नाही’ असा शेरा मारून तो मोकळा. पेन्शन नाही म्हणून आय विटा वाहायला जाणार, आणि विटा वाहायला गेली म्हणून पेन्शन नाही. लेकीच्या घरी बसून खाणं तर तिच्या रक्तातच नाही. यंदा मी अंगणवाडीची रजा टाकून पेणच्या तहसील कचेरीत ठाण मांडलं. तिथे नूतन मॅडम नव्या आल्यात. त्यांना म्हटलं, आमची माणसं बघायची असतील तर शिमग्याला या, त्या दिवशी रुसलेला जावईसुद्धा घरी असतो. त्या हसल्या आणि खरंच आल्या.

पण आमची वाडी ती आमची वाडी. सकाळीच पोरांनी होळीसाठी फॉरेस्टच्या रानातून, कोणाला न विचारता, सावरीचं झाड तोडून आणलं होतं. ते उभं करायला सगळे जमले आणि तेवढ्यात जीप दिसली. कोणीतरी ओरडलं, ‘फॉरेस्टवाले आले रे,’ आणि अख्खी वाडी रानात पसार. मॅडमनी टेबल मांडलं, तर समोर आडवी सावर आणि एकटी मी. हसू आवरेना, पण अशानं आय यंदाही ‘आढळून आली नाही’ अशीच राहिली असती. करवंदीच्या जाळ्यांपाशी जाऊन घसा बसेपर्यंत हाका मारल्या. शेवटी आयच बाहेर आली, केसांत काटे अडकलेले, आणि मॅडमसमोर उभी राहून म्हणाली, “झाड मीच तोडलाय बाय. न्यायचा तर मला ने, पोरांना हात लावायचा नाय.” मॅडमनी तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि नाव विचारलं. ते बघून जाळ्यांतून एकेक डोकं वर आलं. अर्ज भरता भरता होळी पेटवायला उशीर झाला, पण कोणी कुरकुरलं नाही.

कागद होईपर्यंत मी आयला हलूच दिलं नाही. परवा मंजुरी आली. तेव्हापासून ती कोंबड्या पाळायच्या गोष्टी करतेय, आणि मला इतका आनंद झालाय की तिची बोलणीसुद्धा गोड लागतात.

फोनवर तू नुसतं हां हां म्हणतोस, म्हणून हे लिहून वाळूकाकांजवळ देतेय. आय आता भट्टीवर येणार नाही. आणि काका विटा भरून इकडे परत येतील तेव्हा त्यांच्या टेम्पोत किमयाला पाठवून दे. मी दिवसभर अंगणवाडीत, इथे तिच्याजवळ राहायला कोणी नव्हतं म्हणून एवढीशी पोर तुमच्यामागे भट्टीवर फिरली. आता आजी कायमची घरी आहे. नव्या वर्गासाठी जूनची वाट बघू नकोस. वहिनी रडेल, तूही रडशील. रडा, पण पोरीला पाठवा. आयनं आज शाळेत जाऊन किमयाची बसायची जागा बघून ठेवली, खिडकीजवळची.

तुझीच,
शिल्पाताई