धाविकच्या अंड्यांचा बंदोबस्त

४ एप्रिल
सापडलं! धाविक पक्ष्याचं घरटं. घरटं कसलं, उघड्या माळावर मुरमात दोन अंडी. माझ्या पीएचडीचा अख्खा चॅप्टर यांच्यावर. राहीबाई तिथंच मेंढ्या चारतात. म्हणाल्या, आमी मेंढरं लांबून नेतो, तुमी काय करू नका. अशा भरवशावर सायन्स चालत नाही.

६ एप्रिल
'संशोधन चालू आहे' असा बोर्ड लावला होता. कुणीतरी गोठ्याच्या छपराला नेला. पत्रा चांगला होता.

७ एप्रिल, सकाळ
आयडिया! लोकश्रद्धेतून संवर्धन. घरट्याशेजारी धोंडा रोवला, शेंदूर फासला. आता काय टाप आहे कुणाची तिथं पाय ठेवायची! गाईड धनश्री मॅडमना कळवलं नाही. थेट पेपरच दाखवीन.

१० एप्रिल
लोक चपला काढून लांबून जातात. मीही नमस्कार केला. हसू आवरेना.

१३ एप्रिल
धोंड्याला हार, उदबत्त्या. पक्षी अंड्यांवर बसतोय. याला म्हणतात लोकसहभाग.

१५ एप्रिल
सरपंच बिभीषणराव भेटले. नागापूरच्या कंपनीत त्यांचा पुतण्या पर्मनंट झाला, नवस फळला म्हणे. देव स्वयंभू हाय, अमावस्येला भंडारा घालतो. खरं सांगणार होतो. पण लोकांनी तुडवला असता. शिवाय संशोधकाने तटस्थ राहावं.

१७ एप्रिल, अमावस्या
टेम्पो भरभरून माणसं. डीजे. राहीबाई धावत आल्या, अंड्यांपुढं हात पसरून उभ्या राहिल्या. सायेब, सांगा की ह्यांना, हितं अंडी हायती! सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पत्रावळीत बघितलं. बिभीषणरावांनी त्यांना बाजूला ओढून पहिला नारळ फोडला. गर्दी पुढं सरकली. धाविक लांब बांधापाशी पळत होता, थांबत होता, परत पळत होता. फार वाईट वाटलं. बुंदी संपवली.

१९ एप्रिल
देवस्थान समिती स्थापन. माळावर मेंढ्यांना बंदी. मॅडमना मेल केला: घरटं गेलं, कारण स्थानिकांची उदासीनता.

२ मे
दुसरं घरटं शोधणं आलं. राहीबाई आता परक्या माळावर मेंढ्या चारतात. गाठलं. इकडे धाविक आहेत का? हायती की. अंडी? व्हय, अंडीबी हायती. कुठं, विचारलं. त्या म्हणाल्या, तुमी आदी गाडीवर बसा. तुमी जाईस्तवर मी हितनं हालायची न्हाई.

मला ऊन लागेल याची त्यांना काळजी असावी.

फाट्यावर वळून बघितलं. त्या तिथंच उभ्या होत्या, मी खरंच गेलो का ते बघत.