यमाचा गेटपास

चि. दिगंबर,

आधी ताईचा आशीर्वाद घे, राग मग धर.

काल चिखलीत आमच्या सोसायटीत माझ्या नातीनं, तनुजानं, आपल्या दोघांचा जुना हातमोज्यांच्या बाहुल्यांचा खेळ केला. वीस वर्षांत तो सगळे विसरले होते. पण यम आला, वॉचमन बाहुलीनं विचारलं, "गेटपास?" आणि लोक पोट धरून हसले. मग मंत्री आला, वॉचमनची बायको आली, प्रत्येकाला तेच.

शेवटी एकानं विचारलं, "आजी, हे सुचलं कसं तुम्हाला?" पूर्वी कोणी हे विचारलं की मी नुसती हसायचे आणि श्रेय माझ्याकडेच राहायचं. त्यावरूनच तू खेळ सोडलास.

काल उभी राहिले. म्हटलं, "मला नाही सुचलं. माझा धाकटा भाऊ दिगंबर तळवड्याला कंपनीच्या गेटवर वॉचमन होता. डबल ड्युटी करून खेळाला आला, हातात बाहुली घातली, यम समोर येताच वाक्य विसरला आणि सवयीनं गेटपास मागितला. माझ्या सगळ्या लिखाणात तेवढं चांगलं वाक्य नाही."

टाळ्या तुझ्या नावाला पडल्या रे.

हे पत्र टाकणार नाही. माफी टपालानं मागायची नसते. रविवारी हे हातात घेऊन तुझ्याकडे येते.

तुझ्या चुकीवर मोठी झालेली,
ताई