तुमचा रोखठोक साडू

प्रिय साडूभाऊ,

तुम्हाला आणि ताईंना दोघांचा नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? मालिश सोडू नका. गुण येवो न येवो, तेवढा वेळ तुमचं ऐकून घ्यायला समोर एक माणूस तरी बसलेला असतो. माझी तब्येत ठणठणीत. अकरा मार्चला हॉस्पिटलमधून आलो आणि स्वतःच्या पायांनी जिना चढलो (सकाळी साडेदहा, तिसरा मजला, मध्ये एकदाही न टेकता), तेव्हापासून छातीची कुरकुर नाही. ही तारीख मी इथल्या बस ड्रायव्हरलासुद्धा सांगितली. त्याला आपली भाषा येत नाही, त्यामुळे त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

निघताना तुम्ही बजावलं होतं की परदेशात कार्डाने पैसे द्या, नोटा मिरवत फिरू नका. तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण इथे तुम्ही सपशेल चुकलात. मी पंधरा दिवस निव्वळ रोखीवर काढलेत आणि रोखीसारखं सुख नाही. विमानतळावर नोटा बदलून देणारी बाई माझ्याकडे बघून इतकं गोड हसली की मी सगळ्याच नोटा तिच्या खिडकीत सरकवल्या. गावात आल्यावर कळलं की हसण्याचे तिने वेगळे पैसे लावले होते. ही म्हणाली, कार्ड वापरलं असतं तर दर बरा मिळाला असता. मी म्हटलं, कार्ड कधी हसतं का? आता या नोटा एवढ्या मोठ्या आहेत की पाववाला आधी नोट उजेडात धरून बघतो आणि मग मला. सुटे नव्हते म्हणून बसवाल्याने (तोच, तारीखवाला) काल आम्हाला खाली उतरवलं आणि पाऊण तास चालावं लागलं. पण डॉक्टरांनी चालायलाच सांगितलंय ना? कार्ड असतं तर हा व्यायाम बुडाला असता.

कार्डाचा प्रताप मात्र ऐका. आम्ही राहतो एका न्हाव्याच्या दुकानावरच्या खोलीत. खोली झकास, पण कपडे धुवायची सोय नाही. कोपऱ्यावर धुलाईचं दुकान आहे, त्यात माणूस नाही, नुसती यंत्रं. मी नाणी टाकली, कपडे गरगरले आणि अर्ध्यावर यंत्राने आणखी पैसे मागितले. नाणी संपलेली, दार कुलूपबंद, माझ्या दोन्ही पँटी आत (तिसरी आणली नव्हती, सामान हलकं ठेवा, हाही तुमचाच सल्ला) आणि माझ्या अंगात हिचा फुलाफुलांचा रेनकोट. नाइलाजाने कार्ड घातलं. त्याने गुप्त आकडा मागितला. मी पूर्ण विचार करून चार आकडे दाबले. चुकले. आणखी विचार करून दाबले. पडद्यावर आलं, आता एकच प्रयत्न, मग कार्ड बंद. शेवटी बाकावर विणकाम करत बसलेल्या एका आजीबाईंनी माझ्या पोटऱ्या नीट बघून घेतल्या, आपलं कार्ड टेकवलं आणि माझ्याकडून नोट घेतली. उरलेले पैसे परत दिले नाहीत. रेनकोट घातलेल्या माणसाने वाद घालायचा नसतो, हे मला तिथे उमगलं. हिला सांगितलं, यंत्र बिघडलं होतं.

तेव्हा रोख ती रोख. ताईंना सांगा, तुमची बहीण मजेत आहे, फक्त जवळचा चष्मा विमानात विसरली. त्यामुळे वाचणं, लिहिणं, आकडे दाबणं, सगळं सध्या माझ्या गळ्यात.

तुमचा,
रोखठोक साडू

ता. क. १ : वरचं सगळं विसरा. बँकेत कार्डाचा आकडा हिने टाकला, कारण मी तेव्हा दोरीने बांधलेल्या पेनाबद्दल तिथल्या साहेबांना चार शब्द सुनावत होतो. विमानात म्हणाली, "आपलाच दिवस टाकलाय. विसरायचा प्रश्नच नाही." मी म्हटलं, "अर्थात." ते 'अर्थात' आता अंगाशी आलंय. आपण दोघं एकाच मांडवात बोहल्यावर चढलो, म्हणजे तुमच्या लग्नाची तारीख तीच माझी. मला सगळं आठवतं. तुमचा डावा बूट हरवला होता, फोटोवाला जेवायला गेला तो गेलाच, आणि मला मरणाचं उकडत होतं. म्हणून मी मे महिन्यातल्या दोन तारखा दाबून बघितल्या. आता विमानतळापर्यंत परतायला गाडीची तिकिटं काढायची आहेत. स्टेशनात खिडकी नाही, फक्त कार्डाचं यंत्र, आणि ही शेजारी उभी राहणार. पैसे अडकले तर कुठूनतरी मागवू. पण चौतीस वर्षांनी हिला कळलं की याला आपली तारीख माहीत नाही, तर ते मला सहन होणार नाही. साडूभाऊ, ही माझ्या उशाशी अठरा दिवस प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होती.

ता. क. २ : फोन हिच्या पर्समध्ये असतो, म्हणून पत्राचा खटाटोप. पाकिटामागे न्हाव्याचा नंबर आहे. त्याला इंग्रजीत चार आकडे सांगा, तो आरशावर साबणाने लिहून ठेवील. ताईंना विचारू नका. तुम्हालाही आठवत नसेल तर अंदाज नकोत, मुकाट्याने पत्रिका शोधा.

ता. क. ३ : भाऊजी, हे मी लिहितेय. चष्मा नाही म्हणून ह्यांनी पाकीट चिकटवायला बिनधास्त माझ्याकडे दिलं. चष्मा पर्समध्येच आहे. ते 'अर्थात' ऐकलं आणि आत ठेवला. आपली लग्नं बावीस डिसेंबरची. ह्यांना उकडत होतं ते उसन्या सुटाने. पण ती तारीख मी टाकलेलीच नाही. त्या दिवशी आम्हा बहिणींकडे बघायला वेळ कुणाला होता, तुम्ही दोघं बूट शोधत होतात. हे जिना चढून घरी आले, तो माझ्या लेखी आपला दिवस. ह्यांनी पत्राच्या सुरुवातीलाच लिहिलाय, वेळेसकट. तेव्हा न्हाव्याला फोन करू नका. यंत्रापुढे ह्यांना जरा घाम फुटू दे, मग मी सांगेन. तिकिटं मी काल हे खाली दाढीला बसले होते तेव्हाच काढून आणलीत.